राजे बसवणं हे आपलं काम नव्हे: अमेरिकन क्रांतीत क्वेकरांचा झालेला पेच

जानेवारी १७७६ मध्ये, पेनसिल्वेनिया या इंग्रजांच्या अमेरिकन वसाहतीतल्या फिलाडेल्फियात, दहा दिवसांच्या अंतरानं दोन मजकूर छापून बाहेर पडले. १० तारखेला टॉमस पेनची ‘कॉमन सेन्स’ ही पुस्तिका आली. इंग्लंडच्या राजाशी आता काडीमोड घ्या, हे तिचं म्हणणं. २० तारखेला क्वेकर पंथाच्या प्रतिनिधींनी एक निवेदन काढलं, खाली सही चिटणीस जॉन पेंबर्टन यांची. त्यातल्या कळीच्या वाक्याचा आशय असा: राजे आणि सरकारं बसवणं नि उतरवणं हा ईश्वराचा खास अधिकार आहे, त्याची कारणं त्यालाच ठाऊक, त्यात हात घालणं किंवा खटपटी करणं हे आमचं काम नव्हे.

हे वाक्य वाचून कोणी क्वेकरांना इंग्रजधार्जिणे ठरवतो, कोणी भित्रे म्हणतो. दोन्ही शिक्के घाईनं मारलेले आहेत. क्वेकरांकडे सरकारशी वागण्याची एक बऱ्यापैकी काटेकोर पद्धत होती आणि शांततेच्या काळात ती छान चालत असे. क्रांतीत ती अडखळली, कारण तिच्यात एका प्रश्नाचं उत्तरच नव्हतं: दोन सरकारं एकाच वेळी ‘आम्हीच सरकार’ म्हणत दारात उभी राहिली, तर त्यातलं खरं कोणतं, आणि ते कधीपासून खरं?

आधी थोडी ओळख. ओट्सच्या डब्यावरचा टोपीवाला एवढीच क्वेकरांची ओळख असेल तर ती बाजूला ठेवा. त्या कंपनीनं फक्त नाव आणि चित्र उचललं. पंथाचं स्वतःचं नाव ‘सोसायटी ऑफ फ्रेंड्स’. सतराव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉक्स यांच्या प्रचारातून तो उभा राहिला. प्रत्येक माणसाच्या आत ख्रिस्ताचा प्रकाश असतो, त्यामुळे मध्ये पाद्री नको, ही मूळ श्रद्धा. उपासना म्हणजे बाकांवर शांत बसणं. कोणाला आतून बोलावंसं वाटलं तर तो किंवा ती उठून बोलते. शपथ घ्यायची नाही, टोपी काढून कोणापुढे वाकायचं नाही, शस्त्र उचलायचं नाही.

आता त्यांच्या जन्माचा काळ पाहा. १६४९ मध्ये राजाचं मुंडकं उडवलं गेलं, मग क्रॉमवेलची राजवट आली, १६६० मध्ये राजपुत्र परत येऊन गादीवर बसला. जानेवारी १६६१ मध्ये एका वेगळ्याच धार्मिक गटानं लंडनमध्ये सशस्त्र उठाव केला आणि धरपकडीत हजारो क्वेकर तुरुंगात गेले. तेव्हा त्यांनी चार्ल्स दुसरा याला लिहून दिलं, की आम्ही बाह्य शस्त्रांनी लढणार नाही, ना ख्रिस्ताच्या राज्यासाठी, ना या जगातल्या राज्यांसाठी. १६८८ मध्ये पुन्हा उलथापालथ झाली. जेम्स दुसरा पळाला आणि विल्यम तिसरा आला. १६९६ मध्ये विल्यमच्या खुनाचा कट उघड झाला. त्या वेळी आपण कटात नाही हे सांगताना क्वेकरांनी ‘राजे बसवणं हे ईश्वराचं काम’ हे शब्द वापरले.

म्हणजे १७७६ च्या निवेदनातलं ते वाक्य तोवर ऐंशी वर्षांचं झालं होतं. ज्या राजाला उद्देशून ते पहिल्यांदा लिहिलं, तो स्वतः क्रांतीतून गादीवर आला होता. झालेली क्रांती निमूट मान्य करायला जे वाक्य उपयोगी पडलं, तेच आता होऊ घातलेल्या क्रांतीच्या विरोधात पुढे केलं जात होतं.

पद्धत कशी चालायची

बायबलमधली दोन वचनं इथे एकमेकांसमोर ठेवलेली असतात. रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायात पौल सांगतो, की अधिकाऱ्यांच्या अधीन राहा, अधिकार देवानं नेमलेला आहे. प्रेषितांची कृत्ये ५:२९ मध्ये पेत्र म्हणतो, आम्ही मनुष्यांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे. क्वेकरांनी यातून वागण्याचा मार्ग काढला. कायदा विवेकाला पटत असेल तर पाळायचा. पटत नसेल तर पाळायचा नाही, पण त्याची शिक्षा पळ न काढता, हात न उगारता सोसायची. आणि दोन्ही परिस्थितींत सरकार उलथवायच्या किंवा नवं बसवायच्या उद्योगात पडायचं नाही.

मराठी वाचकाला इथे सत्याग्रह आठवणं साहजिक आहे. उघडपणे कायदा मोडणं आणि शिक्षा स्वीकारणं, इथवर साम्य आहे. पण सत्याग्रही कायदा मोडतो तो सरकारवर दबाव यावा म्हणून. गर्दी जमवणं हा त्याच्या कामाचा भाग असतो. अठराव्या शतकातल्या क्वेकराला गर्दी नकोच होती. आपले हात स्वच्छ राहावेत आणि सरकारनं आपल्याला आपल्या वाटेनं जाऊ द्यावं, एवढंच त्याचं मागणं. फिलाडेल्फियातल्या अनेक क्वेकर व्यापाऱ्यांनी १७६५ मध्ये इंग्लंडचा माल न मागवण्याच्या करारावर सह्या केल्या होत्या. पुढे मोर्चे, समित्या आणि धमक्या वाढल्या तसा पंथ या चळवळीतून मागे सरला.

नियम कोण लावायचं? पाद्री नसल्यामुळे सगळा कारभार सभांचा. गावपातळीवर मासिक सभा, तिच्यावर त्रैमासिक, सर्वांत वर वार्षिक. फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेखाली १७५६ पासून एक कायमची समिती होती, तिचं नाव ‘मीटिंग फॉर सफरिंग्ज’. सोसलेल्या त्रासाची नोंद ठेवणं आणि सरकारशी बोलणं हे तिचं काम. एखादा सदस्य चुकला, समजा मिलिशियात म्हणजे स्थानिक पुरुषांच्या फौजेत भरती झाला, तर आधी देखरेख करणारे त्याच्या घरी जात. फरक पडला नाही तर मासिक सभेत तक्रार नोंदली जाई आणि दोघातिघांची समिती पुन्हा त्याच्याशी बोलायला जाई. तो चूक कबूल करणारा कागद लिहून द्यायला तयार झाला की प्रकरण मिटलं. नाहीतर त्याला सभेबाहेर काढत. तो उपासनेला येऊन बसू शकत असे, पण कामकाजात त्याला जागा नसे. वरच्या सभांकडे अपील करायची सोय होती. हे सगळं महिनोन्‌महिने चाले. तडकाफडकी हाकलून देणं पंथाच्या रीतीत बसत नव्हतं.

हेही लक्षात ठेवायला हवं, की पेनसिल्वेनियात क्वेकर कायम प्रजाच नव्हते. १६८१ मध्ये विल्यम पेन या क्वेकराला ती वसाहत सनदेनं मिळाली आणि पुढची सत्तरेक वर्षं तिथल्या विधानसभेवर क्वेकरांचा वरचष्मा राहिला. लढाईसाठी पैसा मंजूर करताना ही मंडळी शब्दांच्या आडोशाला जायची. ‘राजाच्या वापरासाठी’ असं लिहून रक्कम द्यायची आणि राजा तिचं काय करतो ते विचारायचं नाही. बेंजामिन फ्रँकलिन एक किस्सा सांगतो. दारूगोळ्यासाठी पैसे मागितले गेले तेव्हा विधानसभेनं ते ब्रेड, पीठ, गहू ‘किंवा इतर दाणा’ घेण्यासाठी मंजूर केले. गव्हर्नरनं दाणा म्हणजे बंदुकीच्या दारूचा दाणा असा अर्थ लावला आणि दारू विकत घेतली. कोणी हरकत घेतली नाही. ही सोय १७५६ मध्ये संपली. गव्हर्नरनं डेलावेअर आदिवासींविरुद्ध युद्ध पुकारल्यावर जेम्स पेंबर्टन यांच्यासह सहा क्वेकर सदस्यांनी राजीनामे दिले. क्रांतीच्या तोंडावर कडक झालेला जो पंथ दिसतो, तो या राजीनाम्यांनंतरचा आहे.

दारात वसुली आली की

तत्त्व समजून घ्यायचं तर कर आणि दंड यांपासून सुरुवात करावी, कारण सामान्य क्वेकराच्या वाट्याला क्रांती आली ती वसुली अधिकाऱ्याच्या रूपानं.

रस्ते, पूल, गोरगरिबांची सोय यांसाठीचा कर भरायचा, यात वाद नव्हता. सैन्यात न गेल्याबद्दलचा दंड भरायचा नाही, यातही नव्हता. तो स्वतःच्या जागी पैसे लढायला पाठवण्यासारखा. पेनसिल्वेनियात १७७५ च्या अखेरीस फौजेत न जाणाऱ्यांवर अडीच पौंडांचा बोजा टाकला गेला. मार्च १७७७ च्या मिलिशिया कायद्यानं १८ ते ५३ वयाच्या पुरुषांच्या याद्या करून त्यांचे आठ गट पाडले; एकेका गटाला पाळीनं दोन महिने बोलवायचं, न जाणाऱ्यानं बदली माणूस द्यायचा किंवा पैसे मोजायचे. बदली माणूस देणंही क्वेकराला चालत नसे. मी मारणार नाही, पण माझ्या पैशानं दुसरा मारील, याला सभा पळवाट समजे.

खरी ओढाताण व्हायची ती मिश्र कराची. एकाच पावतीत थोडं रस्त्याचं, थोडं तोफेचं. इंग्लंडमधले क्वेकर असे कर पिढ्यान्‌पिढ्या भरत आले होते. त्यांचा आधार येशूच्या वचनाचा: नाण्यावर कैसराचं, म्हणजे रोमन सम्राटाचं, चित्र आहे तर ते कैसराला द्या, पुढचा हिशेब त्याचा. उलट जॉन वूलमन आणि इतर काही जणांनी १७५५ मध्येच कळवलं होतं, की करातला मोठा वाटा युद्धाला जातोय हे दिसत असताना आम्ही तो भरू शकत नाही. क्रांतीच्या काळात वार्षिक सभेनं मिश्र कराबद्दल सरसकट हुकूम काढला नाही, ज्याच्या त्याच्या विवेकावर सोडलं. परिणाम असा, की एकाच बाकावर बसणाऱ्या दोन शेजाऱ्यांपैकी एक कर भरायचा आणि दुसऱ्याची गाय जायची. मॅसॅच्युसेट्समध्ये टिमथी डेव्हिस यांनी कर भरावा असं सांगणारी पुस्तिका सभेच्या परवानगीशिवाय छापली, आणि शेवटी त्यांना सभेबाहेर जावं लागलं.

क्रांतीनं यात आणखी एक चाळणी आणली. आधी फक्त पैसे कशासाठी, एवढंच विचारायचं असे. आता ते मागतोय कोण, हेही विचारावं लागायला लागलं. पुलासाठीचा कर असला तरी तो राजाला झुगारून बसलेल्या विधानसभेनं लावलेला असेल, तर भरणं म्हणजे तिला सरकार मानणं झालं का? काही म्हणत, हो. काही म्हणत, पूल तर आपणही वापरतो. माझ्या मते दुसऱ्यांचं म्हणणं पंथाच्या जुन्या वागण्याशी जास्त जुळणारं होतं. क्रॉमवेलच्या काळात सरकारच्या वंशावळीची चौकशी करत कोणी बसलं नव्हतं.

कर किंवा दंड न भरल्यावर काय होई ते जरा जवळून पाहू. अधिकारी वॉरंट घेऊन घरी येतो. क्वेकर वाट अडवत नाही, सामान लपवत नाही. पण हे घ्या म्हणून वस्तू काढूनही देत नाही, कारण आपल्या हातानं देणं म्हणजे भरणंच. अधिकारी स्वतः निवडतो. कथलाच्या चकाकत्या ताटल्या, भिंतीवरचं घड्याळ, घोंगड्या, खोगीर, गाय, जे सहज विकलं जाईल ते. लिलावात भाव पडतो, त्यामुळे अडीच पौंडांच्या मागणीपोटी त्याहून बरीच जास्त किमतीची चीज जाई. एखाद्या कनवाळू शेजाऱ्यानं परस्पर दंड भरून टाकणं, आणि क्वेकरानं ते कळूनही गप्प राहणं, हेही सभेला खपत नसे. घरातल्यांची पंचाईत बहुधा इथेच व्हायची, कारण मेहुणा क्वेकर असतोच असं नाही.

माल गेला की लेखणी निघे. नाव, तारीख, कोणता अधिकारी, कशाची मागणी, किती रकमेची, काय नेलं, त्याची रास्त किंमत किती. या नोंदी मासिक सभेतून वर जात आणि ‘सफरिंग्ज’च्या वह्यांत उतरत. त्यात शिव्याशाप नसत, हळहळही नसे. वाणसामानाच्या यादीसारखी कोरडी ओळ. तारखासुद्धा त्यांच्या पद्धतीच्या: जानेवारी हे रोमन देवाचं नाव म्हणून तो ‘पहिला महिना’. आज या काळाचा अभ्यास करणारे त्या वह्यांना सोन्यासारखं जपतात, पण लिहिणाऱ्यांना इतिहास लिहायचा नव्हता. आम्ही दिलं नाही, आमच्याकडून नेलं, एवढा पुरावा त्यांना पुरे होता.

काँग्रेसनं, म्हणजे बंड केलेल्या वसाहतींच्या संयुक्त सभेनं, छापलेल्या नोटांवरही असाच पेच पडला. युद्धाचा खर्च भागवायला छापलेला कागद हातात घ्यायचा का? १७७६ च्या सुरुवातीला जॉन ड्रिंकर आणि टॉमस व सॅम्युअल फिशर या व्यापाऱ्यांनी नोटा नाकारल्या, तेव्हा क्रांतिकारकांच्या समितीनं त्यांना देशाचे शत्रू ठरवलं आणि त्यांच्याशी कोणीही व्यवहार करू नये असं जाहीर केलं. बहुतेक क्वेकरांनी मात्र नोटा घेतल्या; पीठ विकायचं तर दुसरा इलाज काय?

नँटकेट बेटावर विल्यम रॉच या देवमाशाच्या तेलाच्या व्यापाऱ्याकडे वेगळीच मागणी आली. बऱ्याच वर्षांपूर्वी कर्जाच्या वसुलीत त्याच्याकडे संगिनी लावलेल्या बंदुका आल्या होत्या. शिकारीसाठी बंदुका विकताना त्यानं संगिनी काढून ठेवल्या, कारण बंदुकीनं पक्षी मारता येतो, संगीन माणसासाठीच घडवलेली. युद्ध सुरू झाल्यावर त्या संगिनी मागायला माणसं आली. त्यानं नकार दिला, आणि मागणी थांबेना तेव्हा सगळ्या समुद्रात टाकून दिल्या. मॅसॅच्युसेट्सच्या अधिकाऱ्यांपुढे त्याला जाब द्यावा लागला. त्यानं सांगितलं ते सरळ होतं: हे हत्यार माणसं मारण्यासाठीच बनतं, त्यामुळे ते मी कोणालाच देऊ शकत नाही.

शपथ नव्हे, मजकूर

१३ जून १७७७ ला पेनसिल्वेनियानं निष्ठेचा कायदा केला. १८ वर्षांवरच्या प्रत्येक गोऱ्या पुरुषानं राजा जॉर्ज तिसरा याच्याशी नातं तोडल्याचं आणि नव्या राज्याशी एकनिष्ठ राहण्याचं जाहीर करायचं. जो करणार नाही त्याला मत नाही, पद नाही, ज्युरीत जागा नाही. त्याला येणं वसूल करायला कोर्टात जाता येणार नाही, जमीन घेता-विकता येणार नाही. पुढच्या वर्षी दुप्पट कर आणि शिकवण्यासारख्या व्यवसायांवर बंदी, असे आणखी फास आवळले गेले.

क्वेकरांनी हे नाकारलं ते शपथ निषिद्ध म्हणून, असं बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं. ते चूक आहे. शपथेऐवजी गंभीरपणे दृढकथन करण्याची मुभा या कायद्यात होतीच. ही सोय मुळात क्वेकरांसाठीच १६९६ मध्ये इंग्लंडच्या कायद्यात आली होती. आपल्याकडे मंत्री ‘ईश्वरसाक्ष शपथ घेतो’ म्हणतो किंवा ‘गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो’ म्हणतो, त्या दुसऱ्या पर्यायाचा वंश मागे नेला तर तो या टोपीवाल्यांपर्यंत पोचतो. तेव्हा अडचण शपथेच्या रूपाची नव्हती, मजकुराची होती. युद्धाचा निकाल लागलेला नसताना एका राजाला सोडतो आणि एका राज्याला धरतो असं म्हणणं म्हणजे राजे बसवण्या-उतरवण्यात हात घालणंच झालं. म्हणून त्यांनी ना राजाच्या बाजूनं कागद दिला, ना विरोधात. क्रांतिकारकांना यातली ‘विरोधात नाही’ एवढीच बाजू दिसली. त्यांचंही अगदीच चुकलं असं म्हणवत नाही. इंग्रज फौज किनाऱ्याला लागत असताना गप्प बसणाऱ्याच्या मनात काय आहे हे कसं कळणार?

त्या संशयाला ऑगस्ट १७७७ मध्ये काडी लागली. क्रांतिकारकांच्या फौजेतले जनरल सलिव्हन यांनी काँग्रेसला काही कागद पाठवले. ‘स्पँकटाउनच्या वार्षिक सभे’कडून आलेले म्हणून सांगितलेले, क्रांतिकारकांचे सरसेनापती वॉशिंग्टन यांच्या फौजेची माहिती असलेले. स्पँकटाउन नावाची क्वेकरांची वार्षिक सभाच नव्हती. पण २८ ऑगस्टला काँग्रेसनं पेंबर्टन बंधूंसह प्रमुख क्वेकरांना अटक करण्याची शिफारस केली. ज्यांना धरलं त्यांना फ्रीमेसन लॉजमध्ये ठेवलं. घराबाहेर पडणार नाही आणि शत्रूला माहिती देणार नाही असं लिहून द्या, मग सोडतो, असं सांगण्यात आलं. गुन्हा काय ते न सांगता, सुनावणी न करता वचन कसलं मागता, म्हणून बहुतेकांनी नाकारलं. सरन्यायाधीश टॉमस मॅकीन यांनी हेबियस कॉर्पसचा, म्हणजे अटकेतल्यांना कोर्टापुढे हजर करण्याचा, आदेश दिला. विधानसभेनं घाईनं कायदा करून तो निष्प्रभ केला. ११ सप्टेंबरला, ब्रँडीवाइनची लढाई चालू होती त्याच दिवशी, सुमारे २० जणांना गाड्यांतून व्हर्जिनियातल्या विंचेस्टरकडे रवाना करण्यात आलं. खर्चही त्यांच्याच खिशातून.

टॉमस गिल्पिन आणि जॉन हंट हे दोघे मार्च १७७८ मध्ये तिथेच वारले. एप्रिलमध्ये चार स्त्रिया, त्यांत हद्दपार झालेल्या हेन्री ड्रिंकर यांची पत्नी एलिझाबेथ, घोडागाडीनं व्हॅली फोर्जच्या लष्करी छावणीत जाऊन थेट वॉशिंग्टनना भेटल्या. त्याच महिन्यात उरलेल्यांची सुटका झाली. कोणावरही खटला चालला नाही.

दरम्यान सप्टेंबर १७७७ ते जून १७७८ फिलाडेल्फिया इंग्रजांच्या ताब्यात होतं. निष्पक्षतेची खरी परीक्षा इथे झाली, आणि काही जण नापास झाले. अब्राहम कार्लाइल या सुतारानं इंग्रजांसाठी शहराच्या नाक्यावर पहारा आणि परवान्यांचं काम पत्करलं. इंग्रज गेल्यावर त्याला आणि जॉन रॉबर्ट्स या गिरणीवाल्याला देशद्रोहासाठी ४ नोव्हेंबर १७७८ ला फाशी झाली. दोघेही क्वेकर. त्यांच्यासाठी दयेचे अर्ज ढिगानं आले, पण त्यांचं वागणं बरोबर होतं असं सभेनं म्हटलं नाही. नियम दोन्ही बाजूंना लागू होता, असं म्हणायला ही नोंद महत्त्वाची.

ऑक्टोबर १७८१ मध्ये यॉर्कटाउनला क्रांतिकारकांनी इंग्रजांवर मिळवलेल्या विजयाची बातमी आली तेव्हा शहरात खिडक्यांत दिवे लावायचं फर्मान निघालं. युद्धातल्या विजयाचा आनंद क्वेकर साजरा करत नाहीत, त्यामुळे त्यांच्या खिडक्या अंधारात. जमाव दगड घेऊन आला. एलिझाबेथ ड्रिंकरनं डायरीत आपल्या घराच्या जवळपास ७० काचा फुटल्याचं लिहून ठेवलं आहे.

पेनचा टोला

सर्वांत अचूक टीका टॉमस पेननं केली, आणि तो क्वेकर बापाचा मुलगा असल्यामुळे नस त्याला बरोबर सापडली. ‘कॉमन सेन्स’च्या पुढच्या आवृत्तीत त्यानं जानेवारीच्या निवेदनाला उत्तर जोडलं. राजे बसवणं ईश्वराचं काम आहे ना? मग गप्प बसा आणि तो काय करतो ते पाहा. इंग्लंडशी असलेलं नातं तोडणाऱ्या लिखाणाचा आम्हाला तिटकारा आहे, असं तुम्ही छापता, म्हणजे राजकारणच करता. आणि शस्त्रं दोन्ही बाजूंनी उचलली आहेत, तर हाच उपदेश राजाच्या दरबारात आणि बॉस्टनमधल्या इंग्रज सेनापतींपुढे जाऊन का करत नाही?

याला नीट उत्तर निवेदन काढणाऱ्यांकडे नव्हतं. ‘स्थापित सरकार’ म्हणजे राजा, हे त्यांनी गृहीत धरलं होतं. त्यात पेनसिल्वेनियाची सनद, लंडनच्या सभेशी असलेला घरोबा आणि व्यापार यांचाही वाटा होता. निवेदन न काढता नुसतं वहीत नोंदी करत बसले असते, तर तत्त्वाला जास्त धरून झालं असतं.

पंथातल्या काहींनी वेगळा हिशेब मांडला. नॅथनेल ग्रीन आणि टॉमस मिफ्लिन सैन्यात मोठ्या हुद्द्यांवर गेले आणि क्वेकर म्हणून त्यांचं नाव संपलं. सभेबाहेर काढलेल्यांनी सॅम्युअल वेदरिल यांच्या पुढाकारानं १७८१ मध्ये ‘फ्री क्वेकर’ नावाची स्वतंत्र सभा काढली. तिच्यात टिमथी मॅटलॅक होते, ज्यांच्या सुबक अक्षरात स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिला गेला. झेंडा शिवल्याच्या दंतकथेमुळे प्रसिद्ध झालेली बेट्सी रॉसही होती. त्यांचं म्हणणं, की स्वसंरक्षण पाप नव्हे आणि मतभेदासाठी कोणाला बाहेर काढू नये. पाचव्या रस्त्याच्या आणि आर्च स्ट्रीटच्या कोपऱ्यावर त्यांचं सभागृह आजही उभं आहे.

आयर्लंडमधल्या क्वेकरांनी हाच नियम इंग्रज सत्तेविरुद्धच्या १७९८ च्या उठावात अधिक स्वच्छ पाळला, असं माझं मत. कारण त्यांनी घोषणेऐवजी तयारी केली. उठावाच्या दोनतीन वर्षं आधीच सभांनी घरोघर फिरून शिकारीच्या बंदुकासुद्धा मोडायला लावल्या, म्हणजे कोणत्याही बाजूला त्या मागायला कारण उरू नये. फर्न्स गावच्या जोसेफ हॉटन या दुकानदारानं आपली बंदूक रस्त्यावर सर्वांदेखत मोडली, आणि फासासाठी दोर मागायला आलेल्या सैनिकांना दोर विकायला नकार दिला.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे: नवं सरकार खरं कधी झालं? १७८३ च्या तहात राजानंच वसाहतींवरचा हक्क सोडला, तेव्हा जुन्या निष्ठेची गाठ आपोआप सुटली. पेनसिल्वेनियाचे निष्ठेचे कायदे १७८९ मध्ये रद्द झाले. त्याच वर्षी फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेनं राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टनना अभिनंदनपत्र दिलं. उत्तरात त्यांनी क्वेकरांहून अधिक आदर्श आणि उपयुक्त नागरिक दुसऱ्या कोणत्या पंथात नाहीत असं लिहिलं. संरक्षणाचं ओझं वाटून घ्यायला नकार देतात तेवढं सोडून, हे त्यांनी कंसात टाकलं.

आणि फेब्रुवारी १७९० मध्ये क्वेकर नव्या काँग्रेसच्या दारात अर्ज घेऊन आले. १७७६ मध्येच त्यांच्या वार्षिक सभेनं सदस्यांना गुलाम बाळगायला मनाई केली होती. आता त्यांना गुलामांचा व्यापार थांबवायला हवा होता. ज्या क्रांतीला त्यांनी निष्ठेचा कागद लिहून दिला नव्हता, तिच्यातून आलेल्या सभागृहाकडेच ते न्याय मागत होते, म्हणजे आपलं सरकार म्हणून त्याला मान्यता देत होते. दक्षिणेकडचे सदस्य चिडून उठले आणि त्यांनी पहिला प्रश्न केला तो गुलामांबद्दल नव्हता. युद्धात तुम्ही कुठे होतात, असं त्यांनी विचारलं.